तांब्याचं वायसर

सेल्फ मारला की गाडी नुसती कण्हते.
सायलेन्सरमागे आदेश उकिडवा,
धुराच्या वाटेवर तळहात धरून.
"नाही ना भाऊ. काहीच नाही."

धूर नाही म्हणजे डिझेल नाही,
एवढं मलाही कळतं.
पण टाकी कालच धुतली, चाळीस लिटर ताजं टाकलं,
फिल्टर नवा, त्याचं पिवळं खोकं
अजून डॅशबोर्डवर आहे, पुराव्यासारखं.
घरून निघाली, तीन किलोमीटर आली,
फाट्यावर खोकली, मग गप्प.
मागे दीडशे खुर्च्या, सहा गंज, दोन कढया.
अकरा वाजता शिवणीला साक्षगंध.
दोन्हीकडे तुरी फुलावर आलेल्या,
त्यांना कसलीच घाई नाही.

लटारी मिस्त्री सायकलने आले,
कानाला मफलर, पाने गोणपाटात गुंडाळलेले.
बॉनेट उघडायच्या आधी विचारलं,
"शेवटी हात कोनाचा लागला हिले?"
माझा.
"काय काय खोललं?"
फक्त फिल्टर, म्हटलं.
ते थोडा वेळ माझ्याकडे नाही,
त्या 'फक्त'कडे बघत राहिले.

मग हवा काढणं.
ब्लीडरचा स्क्रू अर्धा आटा ढिला,
हातपंपावर आदेशचा अंगठा,
फस, फस, फस.
आधी फेस, धारोष्ण दुधावर असतो तसा,
मग बुडबुडे, एक मोठा, तीन बारके,
मग सरळ धार.
"कस." मी कसला.
सेल्फ.
धूर! पांढरा!
आदेश रस्त्यावर नाचला.
इंजिन चार-सहा ठोके धडधडलं,
मागच्या गंजांनी ताल धरला,
अन् परत मेलं.

पुन्हा स्क्रू. पुन्हा फेस.
तीनदा हेच.
बॅटरीचा आवाज जड होत गेला,
मुलीच्या मामाचा फोन चौथ्यांदा.

मिस्त्रींनी फडक्याने सगळे जोड पुसले,
एकेका नटाखालून बोट फिरवलं,
बोट उन्हात धरून पाहिलं. कोरडं.
"थेंब दिसला असता तं बरं झालं असतं.
दाबाच्या बाजूले फट असली, तं डिझेल बाहेर येते.
ओढीच्या बाजूले असली,
तं बाहेर काईच येत नाही, हवाच जाते आत.
वरून पाह्यलं तं एकदम चांगलं घर."

तेव्हा मी बोललो.
पाइपाच्या बोल्टखालचं वायसर.
जुनंच बसवलं, चेपलेलं, कडेला एक रेघ होती.
रात्री घाटंजीची दुकानं बंद,
चालते म्हटलं स्वतःला,
आणि चालावं म्हणून
पाव आटा जास्त कसला.

मिस्त्री रागावले नाहीत.
रागावले असते तर मला काही करता आलं असतं.
बोल्ट काढून वायसर नखावर ठेवलं,
चवन्नीएवढं, मधे भोक,
आणि पंचफुलाबाईच्या हॉटेलाकडे चालू लागले.

चुलीत तुराट्या होत्या.
तिने चहाचं पातेलं बाजूला सरकवलं,
काही विचारलं नाही.
चिमट्यात वायसर आधी काळं झालं,
मग त्याच्यावर मोरपिसाचे रंग धावले,
मग लाल.
पाण्याच्या गिलासात. चुर्र.
"तांबं तापवलं का नरम होते," मिस्त्री म्हणाले,
"मंग जसं दाबलं तसं बसते.
पन हे आजच्यापुरतं. उद्या नवं घे."
पंचफुलाबाईने ते पाणी ओतलं नाही,
गिलास हातात धरून आत बघत राहिली.

चौथ्यांदा फेस, बुडबुडे, धार.
सेल्फ.
यावेळी आदेश नाचला नाही.
मीही श्वास धरला, मनातल्या मनात मोजत गेलो,
वीस, तीस, साठ.
गंज वाजत राहिले.

शिवणीत माणसं सतरंजीवर बसून
केव्हाचीच पोहे खात होती.
खुर्च्या उतरल्या, कढया उतरल्या.
मामा म्हणाले, "अरे, बंद कर ना गाडी,
फुकट डिझेल जळून राह्यलं."
म्हटलं, जळू द्या.